हरिकेननंतर कॅरिबियनमधल्या छोट्या बेटांना परदेशी मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अटलांटिकमधला हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्या काळात एखादे बेट उद्ध्वस्त झाल्याची बातमी आली की देणगीदार, डॉक्टर, विद्यार्थी आणि बेटावर अडकलेल्यांचे नातेवाईक जे विचारतात, त्याची उत्तरे इथे आहेत. उदाहरणे मुख्यतः चार ठिकाणांची आहेत: बार्बुडा (इर्मा, सप्टेंबर २०१७), डॉमिनिका (मारिया, सप्टेंबर २०१७), बहामाजमधली अबाको आणि ग्रँड बहामा (डोरियन, सप्टेंबर २०१९), आणि ग्रेनाडाचे कारियाकू व सेंट व्हिन्सेंटचे युनियन बेट (बेरिल, जुलै २०२४). डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत. पैसे पाठवताना किंवा खोक्यावर पत्ता लिहिताना ही गल्लत करू नका.

मदत नेमकी कोण मागते? कोणीही उठून जाऊ शकते का?

मदत मागण्याचा अधिकार त्या देशाच्या सरकारचा. प्रत्येक देशात त्यासाठी एक आपत्ती कार्यालय असते: ग्रेनाडात नाडमा, सेंट व्हिन्सेंटमध्ये नीमो, अँटिग्वा-बार्बुडात नॉड्स, डॉमिनिकात ओडीएम. हे कार्यालय नुकसानीचा अंदाज घेऊन गरजांची यादी काढते आणि बार्बाडोसमध्ये मुख्यालय असलेल्या सीडीमाला कळवते. सीडीमा ही कॅरिबियन देशांची सामायिक आपत्ती संस्था. ती १९९१ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली. तिने आपल्या सभासद देशांचे गट पाडले आहेत आणि बार्बाडोस, अँटिग्वा, जमैका व त्रिनिदाद हे चार देश आपापल्या गटातल्या शेजाऱ्यांची जबाबदारी घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, रेडक्रॉस आणि इतर देशांची सरकारे याच यादीकडे बघून काय पाठवायचे ते ठरवतात.

यादी रोज बदलते, म्हणून तिच्यावरची तारीख आधी पाहा. पाचव्या दिवशी मागितलेल्या ताडपत्र्या विसाव्या दिवशी गोदामात पडून असतात आणि तोवर खिळे व लाकूड संपलेले असते. जुनी यादी समाजमाध्यमांवर महिनाभर फिरत राहते आणि त्यातून नको ते सामान येत राहते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत कोण पोचते?

शेजारचे बेट. बेरिलने कारियाकूवरची बहुतेक घरे मोडली, पण ग्रेनाडाच्या मुख्य बेटावरचे सेंट जॉर्जेस बंदर चालू राहिले, त्यामुळे फेरी आणि मालाच्या होड्या लगेच सुरू झाल्या. बार्बुडा अँटिग्वापासून जेमतेम ५० किलोमीटरवर. इर्मानंतर मागोमाग होसे हे दुसरे हरिकेन येताना दिसले, तेव्हा सगळ्याच्या सगळ्या बार्बुडावासीयांना अँटिग्वात हलवता आले.

डॉमिनिकाचे तसे नव्हते. अख्खा देश एका रात्रीत झोडपला गेला. फोन बंद, रस्ते दरडींनी तुटलेले. पहिले काही तास बाहेरच्या जगाला खबर मिळाली ती हौशी रेडिओचालकांकडून. अशा वेळी नौदलाची जहाजे आणि त्यांची हेलिकॉप्टरे कामाला येतात. मार्टिनिक आणि ग्वादलूपमधून फ्रेंच, क्युरासाओकडून डच, हंगामात मुद्दाम त्या पाण्यात ठेवलेले ब्रिटिश जहाज, आणि बहामाजसाठी अमेरिकेचे तटरक्षक दल. २०१७ आणि २०१९ मध्ये काम केलेल्या ब्रिटिश ‘माउंट्स बे’ जहाजाबरोबर इंजिन लावलेला एक सपाट तराफा असतो. त्यावरून ट्रक आणि जेसीबीसारखी यंत्रे धक्का नसतानाही थेट किनाऱ्यावर उतरवता येतात. मोडलेल्या धक्क्याच्या बेटावर तो तराफा दहा मालवाहू विमानांपेक्षा मोलाचा ठरतो.

सामान आहे, विमान आहे. मग बेटावर पोचायला आठवडा का लागतो?

सामान मोठ्या विमानतळापर्यंत येते आणि तिथे तुंबते. अडचण शेवटच्या शंभर किलोमीटरची असते. ती कशी ते एकेक टप्प्याने पाहा.

धावपट्टी: सी-१३० हे मालवाहू विमान साधारण १९ टन माल नेते. पण कारियाकूची धावपट्टी एक किलोमीटरहूनही कमी लांबीची आहे, आणि २०१७ मध्ये बार्बुडाची धावपट्टी छोट्या विमानांपुरतीच होती. तिथे ट्विन ऑटरसारखे विमान जाते, ज्यात एका खेपेला टन-दीड टन माल बसतो. म्हणजे मोठ्या विमानातून एकदा आलेल्या मालाला पुढे डझनभर खेपा लागतात. शिवाय धावपट्टीवरचे दिवे गेलेले असतात, म्हणून उड्डाणे फक्त उजेडी. डोरियननंतर मार्श हार्बर आणि फ्रीपोर्ट दोन्हीकडचे विमानतळ पाण्याखाली गेले होते.

उतरवणे: लष्करी विमानातला माल ज्या पॅलेटवर, म्हणजे सपाट फळीवर, जाळीने बांधतात तो भरला की साडेचार टनांपर्यंत जातो. छोट्या विमानतळावरचा फोर्कलिफ्ट एवढे वजन उचलत नाही, आणि बऱ्याचदा तोही वादळात गेलेला असतो. मग जाळी सोडून खोकी हातांनी उतरवावी लागतात आणि विमान तासन्तास उभे राहते. मागच्या विमानांना जागा मिळत नाही आणि ती परत फिरतात. म्हणून जाणकार लोक पहिल्याच विमानात फोर्कलिफ्ट किंवा निदान हाताने ओढायच्या पॅलेट-ट्रॉल्या पाठवतात आणि एकेका खोक्याचे वजन २५ किलोच्या आत ठेवतात.

धक्का: जहाजाला क्रेन लागते. बेटावरची क्रेन बंद असेल तर स्वतःची क्रेन असलेलेच जहाज उपयोगाचे. त्याआधी पाण्यात बुडालेल्या होड्या, कंटेनर आणि झाडे कुठे आहेत ते पाणबुड्यांकडून तपासून घ्यावे लागते. वादळाने वाळू सरकलेली असते, त्यामुळे नकाशावरची खोली खरी धरता येत नाही.

कागद: ज्या खोक्यावर ताबा घेणाऱ्याचे नाव नाही, ते कस्टममध्ये अडकते. सरकार आपत्तीत आयातकर माफ करते, पण बहुतेक वेळा आपत्ती कार्यालयाच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या नावे आलेल्या मालाला. माल निघण्याआधी ताबा घेणाऱ्याची लेखी संमती, मालाची तपशीलवार यादी, वजन, किंमत आणि औषधांच्या मुदतीच्या तारखा पाठवा. लाकडी पॅलेटवर उष्णतेची प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. तो नसेल तर लाकडातल्या किडीच्या भीतीने माल रोखला जाऊ शकतो, आणि शेतीवर जगणाऱ्या बेटाने तो रोखणे रास्तच आहे.

धोकादायक माल: जनरेटर आणि चेनसॉ यांच्या टाक्या पूर्ण रिकाम्या केल्याशिवाय विमानात चढवू देत नाहीत. ब्लीचिंगचे तीव्र चूर्ण हे ज्वलनाला मदत करणारे रसायन म्हणून वेगळ्या कागदांवर जाते. लिथियम बॅटरीचे सौर दिवेही जाहीर करावे लागतात. ऐन वेळी हे लक्षात आले की अख्खी खेप विमानतळावर उतरवली जाते.

बाटलीबंद पाणी पाठवावे का?

पहिले तीन-चार दिवस, तेही जवळच्या बेटावरून. पुढे नाही. हिशेब करून पाहा. मदतकार्यात सर्वत्र मानले जाणारे किमान प्रमाण माणशी दिवसाला १५ लिटर आहे: पिणे, स्वयंपाक आणि अंगाची स्वच्छता धरून. नुसत्या पिण्याला अडीच ते तीन लिटर. बार्बुडासारख्या १,६०० माणसांच्या बेटाला रोज २४,००० लिटर, म्हणजे २४ टन पाणी झाले. ट्विन ऑटरच्या वीसेक खेपा, त्याही रोज आणि फक्त पाण्यासाठी. वर रिकाम्या बाटल्यांचा ढीग टाकायला बेटावर जागा नाही.

त्याऐवजी समुद्राच्या पाण्यातून तासाला १,००० लिटर गोडे पाणी देणारे एक आरओ यंत्र वीस तास चालवले तर २०,००० लिटर मिळतात. त्याला दिवसाला साधारण ५०-६० लिटर डिझेल लागते. बरोबर काय पाठवायचे ते महत्त्वाचे: ५ मायक्रॉनची गाळणकाडतुसे निदान महिनाभराची, क्षार साठू न देणारे रसायन, उच्च दाबाच्या पंपाचे सील, जोडणीचे पाइप, पाणी साठवायच्या लवचीक टाक्या, पाणी भरायचे नळ आणि हे यंत्र चालवता येणारा माणूस. वादळानंतर समुद्राचे पाणी आठवडाभर गढूळ असते. थेट समुद्रातून पाणी ओढले तर गाळण्या काही तासांत चोंदतात आणि यंत्र बंद पडते. किनाऱ्याच्या वाळूत खड्डा किंवा उथळ बोअर घेऊन तिथून पाणी ओढावे, म्हणजे वाळूच पहिली गाळणी होते. यंत्राआधीच गाळण्या संपल्या, ही तक्रार वारंवार येते.

दर कुटुंबाला १० ते २० लिटरचे झाकणाचे दोन कॅन द्यायला विसरू नका. नळावर पाणी आहे आणि न्यायला भांडे नाही, अशी वेळ येते.

घराखालच्या टाकीतले आणि विहिरीतले पाणी वापरता येते का?

कॅरिबियनमधल्या पुष्कळ घरांत छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवतात. टाकीत फक्त पाने, माती, मेलेला उंदीर असे काही गेले असेल तर टाकी उपसून, घासून, पुन्हा भरून क्लोरिन टाकता येते. १०,००० लिटर स्वच्छ पाण्याला ६५-७० टक्के क्लोरिनचे चूर्ण सुमारे ३० ग्रॅम. ते आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचे पाणी टाकीत ओतायचे. अर्ध्या तासाने तपासणीपट्टीवर लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलेला क्लोरिन दिसला पाहिजे. काहीच दिसत नसेल तर पाण्यात घाण जास्त आहे, मात्रा पुन्हा द्या. गढूळ पाण्यात क्लोरिन मातीवरच खर्च होतो, म्हणून आधी निवळा किंवा गाळा. घरगुती वापराला ६७ मिलिग्रॅमची एक गोळी २० लिटर स्वच्छ पाण्याला पुरते.

टाकीत समुद्राचे पाणी शिरले असेल तर क्लोरिनचा उपयोग नाही. क्लोरिनने जंतू मरतात, मीठ जात नाही. टाकी पूर्ण रिकामी करून गोड्या पाण्याने धुवावी लागते.

विहिरींचे दुखणे जास्त चिवट. सपाट बेटांवर जमिनीतले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत्या थराने असते. उधाणाचे पाणी जमिनीवर चढले की ते वरून झिरपून हा थर बिघडवते. डोरियननंतर ग्रँड बहामाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी अशाच खाऱ्या झाल्या आणि पाइपलाइन दुरुस्त होऊनही कितीतरी काळ नळाला पिण्याजोगे पाणी येईना. इथे उत्साही मदतकर्ते एक घातक चूक करतात: पाणी गोडे होईल या आशेने मोठ्या पंपाने विहीर उपसतात. त्याने खालचे खारे पाणी वर ओढले जाते आणि उरलेला गोडा थरही जातो. हळूहळू, थोडे थोडे उपसावे, खारेपणा मोजत राहावे आणि पावसाला वेळ द्यावा.

ताडपत्र्या किती आणि कोणत्या?

४ बाय ६ मीटरच्या, विणलेल्या प्लॅस्टिकच्या, कडांना मजबूत पट्टी असलेल्या. कुटुंबामागे दोन. एकीचे वजन पाचेक किलो, म्हणजे १,००० कुटुंबांच्या ताडपत्र्या साधारण १० टन, सी-१३० च्या अर्ध्या खेपेत मावतील एवढ्याच. बाजारातली स्वस्त निळी ताडपत्री उन्हाने काही आठवड्यांत फाटते.

नुसती ताडपत्री देऊ नका. सोबत दोरी, हातकरवत, हातोडा, पत्रा कापायची कात्री, फावडे, कोयता, बांधायची तार आणि खिळे हवेत. दहा घरांमागे एक शिडी. ताडपत्रीतून सरळ खिळा ठोकला की पहिल्याच वाऱ्यात ती खिळ्यापाशी फाटते. कड लाकडी रिपेभोवती दोन वेढे गुंडाळावी आणि रीप वाशाला स्क्रूने बसवावी. ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या पाखीवर निदान मीटरभर न्यावी, नाहीतर पाणी आढ्यातून आत येते. मध्ये झोळ राहू देऊ नये. पाणी साचले की वजनाने वासेही मोडतात. छपरावरून पडून होणाऱ्या जखमा वादळानंतरच्या दवाखान्यांत नेहमीच्या असतात, म्हणून ओल्या छपरावर आणि एकट्याने चढू नका.

भारतातून किंवा दुसरीकडून जनरेटर पाठवला तर चालेल का?

कुठे पाठवता त्यावर आहे. डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट इथे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे भारतासारखीच. बहामाजमध्ये १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, अमेरिकेसारखी. जमैकात ११० व्होल्ट पण ५० हर्ट्झ. भारतातला जनरेटर बहामाजच्या दवाखान्यात जोडला तर उपकरणे जळतील, आणि अमेरिकेतला ग्रेनाडात नेला तर ती नीट चालणार नाहीत. जुळणाऱ्या बेटांवरही प्लग सहसा ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी पिनांचा असतो. म्हणून सोबत त्याचे बोर्ड द्या.

क्षमता ठरवताना मोटर सुरू होतानाचा करंट धरा. पाण्याचा पंप चालताना लागतो त्याच्या कित्येक पट करंट सुरुवातीला ओढतो, आणि नेमक्या मापाचा जनरेटर तिथेच बंद पडतो. तेलाचे, डिझेलचे आणि हवेचे फिल्टर, इंजिन ऑइल आणि दोन पट्टे सोबत हवेत. सतत चालणाऱ्या छोट्या जनरेटरचे ऑइल दहा-बारा दिवसांत बदलायला येते. त्याचा पुरवठा नसेल तर तिसऱ्या आठवड्यात यंत्र भंगार.

दोन गोष्टी जिवावर बेततात. घराच्या वायरिंगला चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर जोडला तर वीज उलटी तारांत जाते आणि खांबावर काम करणारा वायरमन मरतो. आणि जनरेटर घरात किंवा खिडकीशी चालवला तर त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणसे दगावतात. निदान सहा मीटर लांब, उघड्यावर ठेवा. बाकी तारा आणि खांब उभे करायचे काम कॅरिबियनमधल्या वीज कंपन्या आपापसातल्या करारानुसार एकमेकांकडे वायरमनच्या तुकड्या पाठवून करतात. तिथे बाहेरच्या हौशी माणसांचे काम नाही.

जुने कपडे, खाण्याचे डबे, औषधे?

जुने कपडे नको. ते निवडायला माणसे लागतात, ओले झाले की कुजतात, आणि धक्क्यावरची जी जागा औषधांना हवी ती ते अडवून बसतात. खाण्याचे पदार्थ यादीत असतील तरच. माणशी दिवसाला २,१०० कॅलरींचा हिशेब धरतात. पहिल्या आठवड्यात चूल नसते, म्हणून न शिजवता खाता येईल असेच हवे. नंतर तांदूळ, डबाबंद मासे, कडधान्य, तेल.

औषधे फक्त आरोग्य खात्याने मागितलेली. पोचताना निदान वर्षभराची मुदत शिल्लक, मूळ रासायनिक नाव इंग्रजीत, घरातल्या उरलेल्या गोळ्या मुळीच नाहीत. एक गोष्ट मदतकर्त्यांना उशिरा कळते: या बेटांवर मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण खूप आहेत. जखमांचे साहित्य भरपूर येते आणि इन्सुलिन मिळत नाही. इन्सुलिनला शीतसाखळी लागते, म्हणून फ्रीज आणि त्याची वीज आधी, इन्सुलिन मागून. डायलिसिसच्या रुग्णांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच दुसऱ्या बेटावर हलवावे लागते.

मी डॉक्टर आहे. लगेच निघू का?

एकट्याने नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात बसणाऱ्या पथकाबरोबर जा. पहिल्या प्रकारचे कायम जागेवरचे पथक दिवसाला १०० बाह्यरुग्ण तपासू शकले पाहिजे. दुसऱ्या प्रकारात २० खाटा आणि दिवसाला ७ मोठ्या किंवा १५ छोट्या शस्त्रक्रिया. पथकाने स्वतःचे पाणी, अन्न, तंबू, वीज, शौचालय आणि कचऱ्याची सोय निदान दोन आठवड्यांची न्यायची. कारियाकूवरच्या एकुलत्या एका इस्पितळालाच बेरिलचा तडाखा बसला. तिथे उतरणाऱ्याने स्थानिकांचे पाणी आणि खोली मागितली तर तो ओझेच होतो. स्थानिक आरोग्य खात्याची तात्पुरती परवानगी असल्याशिवाय रुग्ण तपासणे बेकायदा.

सामानाऐवजी पैसे वाटणे बरे का?

बाजार चालू असेल तिथे नक्कीच. मारियानंतर पहिले काही आठवडे डॉमिनिकात दुकानांत माल नव्हता, तेव्हा धान्य वाटले गेले. बाजार सावरल्यावर, २०१७ च्या अखेरीस, जागतिक अन्न कार्यक्रम आणि युनिसेफ यांनी सरकारच्या आधीच चालू असलेल्या गरीबसाहाय्य योजनेतून रोख रक्कम दिली. नवी यादी करण्यात महिने गेले नाहीत. अँटिग्वा, डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट यांचे चलन एकच, पूर्व कॅरिबियन डॉलर. एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर १९७६ पासून बांधलेला, त्यामुळे हिशेब सोपा.

वीज आणि नेटवर्क नसताना एटीएम आणि कार्डाची यंत्रे निरुपयोगी असतात. नोटा हातात द्याव्या लागतात. आणि पत्रे-लाकूड संपलेल्या बेटावर सगळ्यांना एकदम पैसे दिले की उरलेल्या पत्र्यांचे भाव वाढतात. तेव्हा पैसे आणि पत्र्यांचे जहाज बरोबरीने यायला हवे.

मृतदेहांमुळे रोगराई पसरते म्हणून घाईने पुरतात, ते बरोबर का?

नाही. वादळात जखमांनी किंवा बुडून गेलेल्यांच्या देहांमुळे साथ येत नाही. घाईघाईत सामुदायिक दफन केले तर ओळख कायमची जाते. घरच्यांना मृत्यूचा दाखला मिळत नाही, आणि त्यावाचून विमा, जमीन, वारसा सगळे अडते. बहामाजमध्ये डोरियनच्या बळींची ओळख पटवण्यात महिने गेले. मृतदेहांसाठीच्या पिशव्या, फोटो, क्रमांकाच्या पट्ट्या आणि एक शीत कंटेनर ही मदतीच्या यादीतली खरी गरज आहे. लाज वाटून ती कोणी मागत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो.

मदत कोणापर्यंत पोचत नाही?

नोंद नसलेल्यांपर्यंत. अबाकोवर मार्श हार्बरजवळच्या मड आणि पिजन पी या वस्त्यांत मुख्यतः हैतीचे कामगार राहत. फळ्या-प्लायवूडची ती घरे डोरियनमध्ये पूर्ण गेली. पुढे सरकारने तिथे पुन्हा बांधायला बंदी घातली आणि महिन्याभरातच हद्दपारी पुन्हा सुरू केली. ज्यांना पकडले जाण्याची भीती आहे, ते निवाऱ्यात नाव लिहायला येत नाहीत. म्हणून अन्न-पाणी देताना ओळखपत्र मागू नये, आणि नोंदवही पोलिसांच्या टेबलाशेजारी मांडू नये. हैतीच्या क्रेओल भाषेत बोलणारा माणूस पथकात हवा.

जमिनीचाही प्रश्न आहे. बार्बुडात पिढ्यान्पिढ्या जमीन सामूहिक मालकीची मानली जाते. लोक अँटिग्वात विस्थापित असतानाच सामूहिक मालकीचा कायदा बदलण्याच्या आणि नव्या विमानतळाच्या हालचाली सुरू झाल्या, आणि वाद न्यायालयांत गेला. घरे बांधून देणाऱ्या संस्थेने सातबारासारखा वैयक्तिक कागद मागितला तर बार्बुडातले बहुतेक लोक अपात्र ठरतील. तिथे वस्तीची साक्ष पुरेशी धरावी.

श्रीमंत दिसणाऱ्या बेटांना मदत कमी का मिळते?

कारण विकासमदतीला पात्र देशांची यादी दरडोई उत्पन्नावर ठरते. बहामाज त्या यादीबाहेर १९९६ मध्येच गेले, अँटिग्वा-बार्बुडा २०२२ मध्ये. इर्मानंतर अँग्विला आणि ब्रिटिश व्हर्जिन बेटांना दिलेला पैसा ब्रिटनला आपल्या विकासमदतीच्या हिशेबात धरता आला नाही, कारण ती बेटे यादीत नव्हती. पर्यटनाने वाढलेले सरासरी उत्पन्न एका रात्रीत किती बुडते ते या मोजमापात दिसत नाही. मारियाने डॉमिनिकाचे केलेले नुकसान आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या २२६ टक्के होते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ऑगस्ट २०२४ मध्ये असुरक्षिततेचा बहुआयामी निर्देशांक, म्हणजे संकटांपुढे देश किती दुबळा आहे ते मोजणारे माप, स्वीकारला. बँका आणि देणगीदार देश तो वापरू लागले तरच उपयोग.

तोवर आधार सामायिक विम्याचा. २००७ मध्ये उभ्या राहिलेल्या कॅरिबियन निधीत वाऱ्याचा वेग, उधाण यांच्या मोजमापावर भरपाई ठरते आणि १४ दिवसांत मिळते. पंचनाम्याची वाट पाहावी लागत नाही. डॉमिनिकाला मारियानंतर सुमारे १.९३ कोटी डॉलर, ग्रेनाडाला बेरिलनंतर सुमारे ४.४ कोटी डॉलर मिळाले. ग्रेनाडाने कर्जरोख्यांतच हरिकेनचे कलम घालून ठेवले होते. २०२४ मध्ये त्या आधारे हप्ते पुढे ढकलले. देणगीच्या घोषणांपेक्षा हे पैसे लवकर हातात पडतात, म्हणून विम्याचा वार्षिक हप्ता भरायला दिलेली मदत आम्हाला सर्वांत फलदायी वाटते.

भारत सरकार काय करते?

डोरियननंतर भारताने बहामाजला १० लाख डॉलर दिले. ऑक्टोबर २०२५ च्या मेलिसा हरिकेननंतर जमैका आणि क्युबा यांना प्रत्येकी सुमारे २० टन सामान विमानाने गेले. त्यात ‘भीष्म’ हे घडीचे रुग्णालय, जनरेटर, निवाऱ्याचे साहित्य होते. न्हावाशेवाहून समुद्रमार्गे कंटेनर पोचायला महिना-दीड महिना तरी जातो, म्हणून जहाजाने पाठवायचे ते पुनर्बांधणीचे सामान, तातडीचे नव्हे.

महाराष्ट्रातून वैयक्तिक देणगी कशी पाठवावी?

निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि त्यात देणगी बसते. बँकेत पॅन आणि हेतू लिहून द्यावा लागतो. ही सोय व्यक्तीसाठी आहे. ट्रस्ट, मंडळ किंवा सोसायटी यांना ती लागू नाही. गणेश मंडळाने वर्गणी जमवून परस्पर पाठवायची म्हटले तर बँक नाकारेल. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर इथल्या आयकरात वजावट मिळत नाही. रक्कम लहान असेल तर बँकेचे शुल्कच मोठा हिस्सा खाते, म्हणून चार-पाच जणांनी एका व्यक्तीच्या खात्यातून एकदम पाठवणे बरे. मात्र कोणी किती दिले ते लिहून ठेवा. खाते क्रमांक फॉरवर्ड झालेल्या संदेशातून घेऊ नका. आपत्ती कार्यालयाच्या किंवा त्या देशाच्या रेडक्रॉसच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

आमची मुलगी तिथे मेडिकलला आहे, किंवा भाऊ क्रूझवर आहे. काय करायचे?

हंगामाआधीच भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवा. छोट्या बेटांवर आपली कचेरी नसते, एका कचेरीकडे अनेक देश असतात. बहामाजसाठी किंग्स्टन, म्हणजे जमैका. पासपोर्टची प्रत घरी ठेवा.

सुटकेचा मार्ग कुठून जातो ते पाहून ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रँड बहामाहून फ्लोरिडाला निघालेल्या फेरीतून अमेरिकेचा व्हिसा नसलेल्या वादळग्रस्तांना उतरवण्यात आले होते. मारियानंतर डॉमिनिकातल्या एका मोठ्या मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी बोटींनी सेंट लुसियाला नेले. भारतीय पासपोर्टवर कोणत्या शेजारच्या बेटावर व्हिसाविना उतरता येते ते हंगामाआधी त्या देशाच्या इमिग्रेशनकडून तपासा. जवळ १० दिवसांची औषधे, लहान अमेरिकन नोटा, पॉवर बँक आणि कागदावर लिहिलेले फोन क्रमांक असू द्या. फोन लागत नसताना घरच्यांनी दर तासाला फोन करू नये. एकाच माणसाने कॉलेजशी किंवा जहाज कंपनीच्या मुंबई-गोव्यातल्या भरती कचेरीशी संपर्क ठेवावा आणि बाकीच्यांना कळवावे.

कायमची छपरे बांधताना मदतीतले कोणते सामान खरे उपयोगी?

स्क्रू आणि पट्ट्या. मारियानंतर डॉमिनिकातल्या दहापैकी नऊ घरांच्या छपरांचे नुकसान झाले होते. छप्पर उडते ते बहुधा जोडांपाशी: पत्रा रिपेपासून, रीप वाशापासून, वासा भिंतीवरच्या तुळईपासून. प्रत्येक वाशाला तुळईशी धरणारी जस्ताची पट्टी हवी, एकाआड एक नव्हे. पत्र्याला खिळे नकोत, वॉशरचे स्क्रू हवेत. आढ्यापाशी आणि वळचणीला प्रत्येक उंचवट्यावर, मधल्या भागात थोडे विरळ. चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा वारा चांगला सोसते. उतार ३० अंशांच्या आसपास, वळचण दीड फुटापेक्षा बाहेर नको, आणि व्हरांड्याचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे, म्हणजे ते उडाले तरी घराचे राहील. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर ज्यांचे पत्रे उडाले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

लाकूड आणि पत्रे बाहेरून येतात आणि मागणीच्या महिन्यांत पुरत नाहीत. सुतार त्याहून कमी पडतात. बाहेरून सुतार आणण्यापेक्षा प्रत्येक वस्तीतल्या चार-पाच जणांना एकेक छप्पर प्रत्यक्ष बांधत शिकवावे आणि मजुरी द्यावी. वाटपाच्या यादीत पत्र्यांबरोबर पट्ट्या आणि स्क्रू एकाच गठ्ठ्यात बांधून द्या. वेगवेगळे दिले तर पत्रे पोचतात, पट्ट्या गोदामात राहतात आणि छप्पर पुन्हा खिळ्यांवरच बसते. काम मे अखेरीस संपेल असे नियोजन करा, १ जूनला पुढचा हंगाम सुरू होतो.